दुभाषी धर्मबंधू

चांदवडचा रंगमहाल पाहताना होळकर आठवतात आणि मल्हारराव होळकरांबरोबर वसईची १७३९ ची मोहीमही. आम्ही मराठीचे अध्यापक वसई ओळखतो ती या रणसंग्रामामुळे. परंतु त्याच वसईत सुमारे १५५७ मध्ये जन्मलेल्या गोन्सालो गार्सिया यांचे नाव आमच्या वर्गात क्वचितच निघते.

पिता पोर्तुगीज, माता स्थानिक. जेसुइटांकडे शिकून ते कोवळ्या वयात जपानला गेले आणि ती भाषा त्यांनी आत्मसात केली. जेसुइट संघात मात्र प्रवेश मिळाला नाही. काही काळ व्यापार केल्यावर मनिला येथे ते फ्रान्सिस्कन संघात आले, तेही धर्मगुरू म्हणून नव्हे, तर साधे धर्मबंधू म्हणून. १५९३ मध्ये पेद्रो बाप्तिस्ता यांच्याबरोबर ते दुभाषी या नात्याने पुन्हा जपानला गेले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी हिदेयोशीच्या हुकुमाने नागासाकी येथे २६ जणांना क्रूसावर मारले गेले. त्यांत ते होते. १८६२ मध्ये त्यांना संतपद मिळाले.

फादर स्टीफन्स आम्ही आवर्जून शिकवतो, कारण १६१६ चे 'क्रिस्तपुराण' हाती आहे. दुभाष्याचे शब्द मात्र उच्चारताक्षणीच दुसऱ्याचे होतात. दोन भाषांमधला पूल होऊन ज्याने आयुष्य वेचले, त्याला केवळ ग्रंथ नाही म्हणून वाङ्मयेतिहासाने विसरावे काय? वसईकरांनी त्याला विसरलेले नाही. विसर पडला आहे तो आम्हांला.