तारेच्या टोकावर

"मॅडम, नेट तं हवेतून येते नं? मंग तारेचं कायले सांगून रायल्या?"

अकोल्यातल्या एका शाळेत मी शनिवारी सातवीचा तास घेते. नोकरीतून निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली, पण विज्ञान शिकवायची सवय सुटत नाही. त्या दिवशी धडा होता संगणकाच्या जाळ्याचा. नोड, पत्ता, पॅकेट, प्रोटोकॉल असे शब्द फळ्यावर लिहून झाले होते आणि मागच्या बाकावरून हा प्रश्न आला. मी पुस्तक मिटले. "माझे बाबा मुर्तिजापूरला तारबाबू होते," मी म्हणाले, आणि उरलेला तास त्यातच गेला.

मुर्तिजापूर हे जंक्शन. मुंबई-नागपूर मोठी लाइन तिथून जाते आणि एका अंगाला यवतमाळ, दुसऱ्या अंगाला अचलपूर अशी शकुंतला एक्स्प्रेसची छोटी लाइन फुटायची. मी लहान असताना, म्हणजे साठच्या दशकात, स्टेशनातल्या एका खोलीत बाबांचे टेबल होते. टेबलावर पितळेची कळ आणि शेजारी लाकडी खोक्यात आवाज करणारे यंत्र. त्या यंत्रामागे बाबांनी सिगारेटचा रिकामा डबा खोचून ठेवला होता. डब्यामुळे कडकट्ट खणखणीत ऐकू येई, नाहीतर इंजिनाच्या शिट्टीत ते बुडून जाई. बाबा सिगारेट ओढत नसत. तो डबा त्यांनी कुणाकडून तरी मागून आणलेला होता.

मला नवल वाटायचे ते वेगळ्याच गोष्टीचे. यंत्र दिवसभर वाजत असे आणि बाबा निवांत डबा खात बसलेले असत. मग एकाएकी, तोंडातला घास तसाच ठेवून, त्यांचा हात कळीकडे जाई. कारण एकाच तारेवर आठ-दहा स्टेशने टांगलेली असत. एक बोलले की सगळ्यांना ऐकू येई. प्रत्येक स्टेशनाला एक तोकडे नाव होते. अकोला म्हणजे ए.के., टिंब-रेघ, रेघ-टिंब-रेघ. बडनेरा म्हणजे बी.डी., रेघ आणि तीन टिंबे, रेघ आणि दोन टिंबे. रेल्वेच्या तिकिटावर ही अक्षरे आजही दिसतात. आपले नाव ऐकू आले तर उठायचे, दुसऱ्याचे असेल तर कानाआड करायचे. आणि स्वतः बोलायचे असेल तर आधी ऐकायचे. तार रिकामी आहे याची खात्री झाली की मगच कळीला हात. दोघे एकदम बोलले तर दोघांचेही वाया जाते, मग दोघांनीही थांबायचे आणि थोड्या वेळाने पुन्हा करून पाहायचे.

१९७३ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट मेटकाफ यांनी एका इमारतीतले संगणक एकाच तारेला जोडायची जी रीत मांडली, तिला इथरनेट म्हणतात. तिचा नियम असाच होता: आधी ऐक, मग बोल, टक्कर झाली तर थांब आणि थोड्या वेळाने पुन्हा बोल. हे वाचले तेव्हा मला त्या खोलीतला उन्हाचा कवडसा आठवला. तार ही तांब्याची असो की लोखंडाची, तिच्यावर जाळे उभे राहत नाही. ते उभे राहते तिच्या दोन्ही टोकांच्या माणसांनी आधी करून ठेवलेल्या करारावर. त्या करारालाच पुस्तकात प्रोटोकॉल म्हटले आहे.

दुसरा करार होता मोजणीचा. प्रत्येक तारेच्या माथ्यावर शब्दांचा आकडा असे. घेणाऱ्याने मजकूर उतरवून घ्यायचा, शब्द मोजायचे, आकडा जुळला तरच 'मिळाले' म्हणायचे. मला वाचता येऊ लागले तेव्हापासून बाबा जुन्या कोऱ्या फॉर्मांवर काहीबाही लिहून माझ्याकडून शब्द मोजून घेत.

एकदा आमच्याच घरची तार आली. आजी आजारी होती, आईचा जीव टांगणीला लागला होता. तारेत इंग्रजीत लिहिले होते: मदर बेटर डू स्टार्ट लेटर फॉलोज. आईने ट्रंक काढली. बाबा कागद हातात धरून उभेच. 'बेटर' आहे तर 'स्टार्ट' कशाला, हे त्यांना खटकले होतेच, पण त्यांनी आधी शब्द मोजले. माथ्यावरच्या आकड्यापेक्षा एक कमी भरत होता. वाटेतल्या कुठल्याशा ऑफिसात एक शब्द गळला होता. त्यांनी उलट विचारणा केली, तासाभराने पूर्ण मजकूर आला: डू नॉट स्टार्ट. आईने ट्रंक पुन्हा पलंगाखाली सरकवली आणि मग ती रडली.

संगणक हेच करतो. पाठवलेल्या प्रत्येक तुकड्यासोबत एक हिशेबाचा आकडा जातो. पलीकडचा संगणक हिशेब करून पाहतो, जुळला नाही तर तो तुकडा टाकून देतो आणि पुन्हा मागवला जातो. तुमच्या मोबाइलवर चित्र उमटते तेव्हा त्यामागे अशा कितीतरी ट्रंका निघालेल्या आणि परत सरकवलेल्या असतात.

आता थोडे मागे जाते, कारण आपल्या वऱ्हाडात तार आली ती माणसांच्या खुशालीसाठी आली नव्हती. ती कापसासाठी आली.

रेल्वे येण्याच्या आधी अमरावतीचा कापूस बैलांच्या पाठीवर गंगेकाठच्या मिर्झापूरला जाई. आठशे किलोमीटरहून जास्त वाट, बंजाऱ्यांचे तांडे ती तुडवत. १८४२ साली एका व्यापाऱ्याने एक लाख बैलांवर लादून कापूस कलकत्त्याच्या रस्त्याला लावला, अशी नोंद जुन्या गॅझेटियरात सांगोवांगीची म्हणून दिलेली आहे. सातवीच्या वर्गाला मी हाच आकडा फळ्यावर लिहून दाखवला. मोठा माल एका गाड्यात मावत नाही, म्हणून त्याचे गोण्या-गोण्यांत तुकडे. प्रत्येक बैलावर दोन गोणी. एखादा बैल नदीत वाहून गेला तर सगळा माल बुडत नाही आणि मुक्कामाला मोजदाद केली की किती कमी भरले ते कळते. संगणकाचे पॅकेट याहून फार वेगळे नाही. इतकेच की पॅकेटांच्या पाठीवर क्रमांक असतो. ती वेगवेगळ्या वाटांनी जातात, मागची पुढे पोचतात आणि शेवटी क्रमांकाने ओळीत लावली जातात. १९६० च्या दशकात ब्रिटनचे डोनाल्ड डेव्हिस आणि अमेरिकेचे पॉल बॅरन या दोघांना एकमेकांची खबर नसताना ही कल्पना सुचली. 'पॅकेट' हे नाव डेव्हिस यांचे.

१८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिथला कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्या बंद पडू लागल्या. इंग्रजांची नजर वऱ्हाडच्या काळ्या मातीवर खिळली. १८६७ मध्ये मुंबईची लोहमार्गाची लाइन नागपूरला भिडली. १८७० मध्ये जलंबहून खामगावला तेरा किलोमीटरचा फाटा निघाला, १८७१ मध्ये बडनेऱ्याहून अमरावतीला. खामगाव तेव्हा अकोला जिल्ह्यातच होते. तिथल्या बाजाराची सुरुवात १८२० च्या सुमारास तूप, सूत आणि थोडासा कापूस घेऊन बसलेल्या मोजक्या व्यापाऱ्यांपासून झाली, आणि पन्नास वर्षांत तिथे फाट्याचे उद्घाटन करायला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला. रुळांच्या कडेने तारेचे खांब आलेच.

त्याच १८७० मध्ये 'ग्रेट ईस्टर्न' नावाचे प्रचंड जहाज मुंबईपासून एडनपर्यंत समुद्राच्या तळाशी तार सोडत गेले. पुढे सुएझ, अलेक्झांड्रिया, माल्टा, जिब्राल्टर, लिस्बनजवळचा किनारा आणि शेवटी इंग्लंडच्या टोकाचे पोर्थकर्नो हे चिमुकले खेडे. जून महिन्यात ही माळ पुरी झाली. तारेला पाणी लागू नये म्हणून गटापर्चा नावाच्या झाडाच्या चिकाचे वेष्टण होते. तोवर विलायतेची डाक यायला महिना लागे. इराणचे आखात आणि तुर्कस्तान या मार्गाने तार १८६५ पासून होती, पण वाटेतल्या कारकुनांना इंग्रजी येत नसल्याने मजकुराचा चेंदामेंदा होई. आता लिव्हरपूलच्या कापूस बाजारात भाव उतरला की खामगावच्या गद्दीवर त्याच दिवशी ते कळू शकत होते. प्रत्येक ठाण्यावर माणूस बसलेला. तो मजकूर पुरा उतरवून घेई, पत्ता पाही, पुढच्या ठाण्याला देई. राउटर हेच काम करतो, माणसाशिवाय.

पण गद्दीवर कळले म्हणजे बाजाराला कळले असे नव्हते.

हे मी मुलांना करून दाखवते. ओढणीखाली हात घालते आणि समोरच्या मुलीला म्हणते, हात धर. याला हत्ता म्हणत. शेतकरी बंडी घेऊन बाजारात यायचा, कापसाच्या ढिगाशी उभा राहायचा. दलाल आणि घेणारा रुमालाखाली एकमेकांची बोटे दाबून भाव ठरवायचे. एक बोट धरले की एक, पंजा धरला की पाच. तोंडाने एक शब्द नाही. ज्याचा माल, तो दोन हात अंतरावर उभा राहून रुमालाची हालचाल बघायचा. त्याच्या डोक्यावरून गेलेल्या तारेत लिव्हरपूलचा भाव होता, रुमालाखाली खामगावचा होता, आणि त्याला शेवटी हातावर पडेल तो. पुढे १८८६ मध्ये कारंजाच्या कापूस बाजाराला नियम लागले, देशातला तो अशा तऱ्हेचा पहिला बाजार. १८९७ मध्ये साऱ्या वऱ्हाडच्या बाजारांसाठी कायदा झाला. त्याही कायद्यानंतर दोनच वर्षांनी, १८९९-१९०० च्या दुष्काळात, रूळ आणि तार दोन्ही असलेल्या या मुलखात माणसे उपाशी मेली. काळी माती कापसाखाली गेली होती आणि ज्वारी विकत घ्यायला पैसा नव्हता. माझी पणजी त्या सालाला छप्पनचा दुकाळ म्हणायची, असे आजी सांगे. मला तारेचे अपार प्रेम आहे, तरी ते साल सांगितल्याशिवाय तारेचे कौतुक मी करत नाही.

मुलांना जवळची तारीख हवी असते. २० ऑक्टोबर १९६९ ला अकोल्यात कृषी विद्यापीठ स्थापन झाले. पुढे त्याला पंजाबराव देशमुखांचे नाव मिळाले. त्यानंतर नऊच दिवसांनी, २९ ऑक्टोबरला, कॅलिफोर्नियातल्या दोन संगणकांनी एकमेकांना पहिला निरोप धाडला. 'लॉगिन' लिहायचे होते, एल आणि ओ गेले आणि पलीकडचा संगणक बसला. मग १९७४ मध्ये विंट सर्फ आणि बॉब कान यांनी वेगवेगळ्या जाळ्यांनी एकमेकांशी कसे बोलायचे याचा करार मांडला, आणि १ जानेवारी १९८३ पासून तो लागू झाला. भारतात सामान्य माणसाला इंटरनेट मिळाले १५ ऑगस्ट १९९५ ला. सरकारी तार जुलै २०१३ मध्ये बंद झाली. बाबा तेव्हा नव्हते.

"म्हणजे नेट हवेतून येत नाही?" तो मुलगा अडून बसला होता.

हवेतून येते ते शेवटचे थोडेसे, टॉवरपासून तुझ्या हातातल्या फोनपर्यंत. त्याआधी ते काचेच्या केसाएवढ्या तंतूतून, उजेड होऊन येते. समुद्राखालच्या तारा आजही मुंबईला वर्सोव्याच्या किनाऱ्यावर बाहेर पडतात. आणि रेलटेल म्हणून रेल्वेची कंपनी आहे, २००० साली निघालेली. तिचे काचेचे तंतू रुळांच्या कडेने जमिनीत पुरलेले आहेत. बाबांच्या तारेचे खांब होते त्याच रुळांच्या कडेने. अकोल्याच्या फलाटावर फुकटचे वायफाय लावून व्हिडिओ बघतोस ना, ते मुर्तिजापूरवरून आले असेल की भुसावळवरून, हे वाटेतले राउटर ठरवतात.

मग आम्ही बाक सरकवले. सुतळीचा गुंडा आणला होता. एक मुलगी पोर्थकर्नो झाली, एक जिब्राल्टर, पुढे माल्टा, सुएझ, एडन, मुंबई, भुसावळ, जलंब, आणि दाराशी खामगाव. प्रत्येकाला दोन अक्षरी नाव. पोर्थकर्नोने चिठ्ठीवर भाव लिहिला, माथ्यावर शब्दांचा आकडा टाकला, आणि चिठ्ठी हातोहात निघाली. सुएझला गोंधळ झाला, एक शब्द गळला. भुसावळने शब्द मोजले आणि तो ओरडला, "कमी हाय, परत पाठव!" मला त्या पोराला जवळ घ्यावेसे वाटले.

चिठ्ठी खामगावला पोचली. टाळ्या झाल्या. अकोटकडच्या एका खेड्यातून येणारी एक मुलगी तेवढी टाळ्या न वाजवता उभी होती. तिच्या वडिलांना कापसाचा भाव सकाळीच मोबाइलवर येतो, ते बघून ते अकोट की अकोला ते ठरवतात, असे तिने मला आधी सांगितले होते.

"मॅडम, मंग बंडीवाल्याले कोन सांगे?"

"कोणी नाही," मी म्हणाले.

तिने मागच्या बाकावरच्या त्या मुलाला, हवेतून नेट येते म्हणणाऱ्याला, दंडाला धरून दाराबाहेर व्हरांड्यात उभे केले. "हा बंडीवाला," म्हणाली. मग खामगावच्या हातातले सुतळीचे टोक घेऊन त्याच्याकडे ओढू लागली. सुतळी हातभर कमी पडली. तिने वेणीची लाल रिबीन सोडली, सुतळीला गाठ मारली आणि दुसरे टोक त्याच्या मुठीत दिले.