विकलेल्या पुस्तकाचा धनी कोण?

पुस्तक विकत घेणारा मनुष्य दाम मोजून नेमकें काय घरीं नेतो, हा प्रश्न वरवर पाहतां निरर्थक वाटतो. कागद, शाई व बांधणी यांचा तो धनी होतो, हें उघड आहे. तथापि वाचून झालेलें पुस्तक त्यानें विकावें कीं नाहीं, आणि विकल्यास काय किंमतीस, हें ठरविणारा कोण? या प्रश्नाचा निवाडा अमेरिकेंत झाला.

त्याची नांदी एका आगीनें झाली. पुस्तकबांधणीच्या कारखान्यांत आग लागून एका प्रकाशकाचे छापील फर्मे खराब झाले. केवळ रद्दी म्हणून वापरावी, या अटीवर त्यानें तो माल विकून टाकला. परंतु तो जुन्या पुस्तकांच्या एका व्यापाऱ्याकडे पोंचला, व त्यानें त्याचीं पुस्तकें करून बाजारांत आणलीं. १८९४ सालीं न्यायालयानें सांगितलें कीं, अट मोडणाऱ्यावर करारभंगाचा दावा लावतां येईल. परंतु माल एकदां राजीखुषीनें विकल्यावर ग्रंथस्वामित्वाच्या कायद्याचें शस्त्र प्रकाशकाच्या हातीं राहत नाहीं.

पुढें १९०४ सालीं इंडियानापोलिस येथील बॉब्स-मेरिल या प्रकाशन-संस्थेनें हॅली अर्मिनी राइव्ह्‌ज या लेखिकेची ‘द कास्टअवे’ ही कादंबरी प्रसिद्ध केली. दुकानदारांशीं वेगळा करार करण्याऐवजीं तिनें पुस्तकांतच सूचना छापली: किंमत एक डॉलर; कमी दरानें विकण्याची कोणाही विक्रेत्यास परवानगी नाहीं; विकल्यास हक्कभंग समजला जाईल. न्यूयॉर्क येथील मेसी यांचें भव्य दुकान चालविणारे इझिडोर व नेथन स्ट्रॉस या बंधूंनीं सूचना ठाऊक असूनही कादंबरी ८९ सेंटांस विकावयास काढली. भांडण अवघ्या ११ सेंटांचें दिसलें, तरी तत्त्व मोठें होतें. छापलेल्या एका ओळीनें पुनर्विक्रीची किंमत बांधतां आली, तर दुसऱ्या ओळीनें पुनर्विक्रीच बंद करतां आली असती.

१ जून १९०८ रोजीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें स्ट्रॉस बंधूंच्या बाजूनें निकाल दिला. न्यायमूर्ति विल्यम डे यांच्या विवेचनाचा आशय असा: विकण्याचा हक्क प्रकाशकास आहे खरा, परंतु पसंत पडलेली किंमत घेऊन तो एकदां बजावला म्हणजे त्या प्रतीपुरता संपला, पुढच्या प्रत्येक खरेदीदारावर हुकूमत चालविण्याचा अधिकार कायद्यानें दिलेला नाहीं. नक्कल करण्याची मोकळीक मात्र ग्राहकास मिळाली नाहीं. वस्तु त्याची, कृति ग्रंथकाराची, अशी ही सीमारेषा होती. १९०९ च्या कायद्यांत ती नमूद झाली.

परदेशांत छापलेल्या पुस्तकांचा वाद बराच पुढें सुटला. थायलंडहून शिकावयास आलेल्या सुपाप किर्त्साएंग यानें मायदेशीं स्वस्त मिळणारीं पाठ्यपुस्तकें आणवून अमेरिकेंत विकलीं. वायली या प्रकाशन-संस्थेच्या दाव्यांत त्याच्यावर ६ लक्ष डॉलरांची भरपाई बसली. परंतु २०१३ सालीं सर्वोच्च न्यायालयानें सहा विरुद्ध तीन मतांनीं त्याचाच पक्ष उचलून धरला. भारताच्या १९५७ च्या कायद्यांतही, १९९४ च्या दुरुस्तीअन्वयें, एकदां विकलेली प्रत प्रसारांत आलेली समजावी असें स्पष्टीकरण आहे. मुंबईच्या पदपथांवर जुनीं पुस्तकें उजळ माथ्यानें विकलीं जातात तीं याच तत्त्वावर.

परंतु आतां कागदाचीच जागा पडदा घेऊं लागला आहे. पडद्यावरचें पुस्तक बहुधा विकलें जात नाहीं. वाचण्याचा परवाना तेवढा दिला जातो. विकत घेतलेल्या गीतांच्या फाइलींच्या पुनर्विक्रीची सोय करणाऱ्या रीडिजी या कंपनीविरुद्ध २०१८ सालीं अमेरिकेच्या अपील न्यायालयानें निकाल दिला, कारण फाइल दुसऱ्याकडे धाडतांना नवी प्रतच तयार होते. १९०८ सालीं जी अट पुस्तकाच्या पानावरून हद्दपार झाली, ती परवान्याच्या रूपानें अशी परत आली आहे. बापाचें पुस्तकांचें कपाट मुलाकडे सहज जातें; परवान्यांचें कपाट तसें जाईल कीं नाहीं, हें पुस्तकें घेणाऱ्या प्रत्येक कुटुंबानें आतांच विचारावयास हवें.