पाच सूत की सहा सूत?

आमच्या लहानपणी इंचाचे आठ भाग मोजायला पट्टी लागत नसे. सुतार, गवंडी, फिटर सगळेच 'सूत' बोलत. एक इंच म्हणजे आठ सूत. मीटर-सेंटिमीटर शाळेत शिकवून माझी हयात गेली, पण नळाचा वायसर आणायला गेलं की दुकानदार अजूनही 'चार सुती की सहा सुती?' असं विचारतो. गंमत अशी की वस्तऱ्याचं जगभरचं मापही हेच आहे. जर्मन असो की इंग्रज, वस्तरा विकताना पात्याची रुंदी इंचाच्या आठव्या भागातच सांगतात. म्हणजे आपल्या भाषेत पाच सुती, सहा सुती.

हे सगळं शोधायचं कारण माझा भाचा. चाळिशी ओलांडल्यावर त्याला जुन्या पद्धतीच्या, घडीच्या वस्तऱ्याने दाढी करण्याचा छंद लागला आहे. कोणता घ्यावा, हे त्याने मला विचारलं. मामा इतिहासाचा मास्तर, दाढीचा नव्हे, हे त्याला ठाऊक होतं. तरीही वाचत गेलो, आणि वाचता वाचता वस्तरा बाजूला राहून माणसंच पुढे आली.

आधी भाच्याचं उत्तर देतो. माप पात्याच्या लांबीचं नसतं, पाठीपासून धारेपर्यंतच्या रुंदीचं असतं. पाच सूत म्हणजे सुमारे १६ मिलिमीटर, सहा सूत म्हणजे १९. चार सुती पातं अरुंद असतं. नाकाखाली, ओठाच्या कोपऱ्यात ते सहज वळतं, पण साबणाचा फेस त्यावर फार मावत नाही. सात-आठ सुती पातं जड असतं. ते स्वतःच्या वजनानेच केस कापत जातं, मात्र अडचणीच्या जागी ते अवजड वाटतं. म्हणून नवशिक्याने पाच किंवा सहा सुती घ्यावं, आणि टोक गोल असलेलं घ्यावं. चौकोनी टोक कान कापतं.

रुंदीइतकंच महत्त्व घासणीला. सर्वांत जुना प्रकार पाचरीसारखा, म्हणजे पाठीकडून धारेकडे सरळ निमुळता होत गेलेला. दुसरा दोन्ही बाजूंनी थोडा पोखरलेला. तिसरा पूर्ण पोखरलेला, ज्याची धारेजवळची पट्टी इतकी पातळ असते की नखाने हलकेच दाबली तर ती वाकते. असा वस्तरा गालावरून फिरताना बारीक आवाज करतो, म्हणून त्याला गाणारा वस्तरा म्हणतात. राठ, दाट दाढीला पाचरीचं पातं चांगलं, कारण ते डगमगत नाही. मऊ दाढीला पोखरलेलं चांगलं. ते पाजळायलाही सोपं, कारण दगडाला फार थोडं पोलाद लागतं.

इथे एक भूमिती आहे, ती मला फार आवडली. वस्तरा दगडावर घासताना पाठ आणि धार दोन्ही टेकवून आडवा धरतात. म्हणजे धारेचा कोन कारागिराच्या हातावर नाही, तर पाठीची जाडी आणि पात्याची रुंदी यांच्या प्रमाणावर ठरतो. पाठ रुंदीच्या पावपटीहून किंचित जास्त जाड असली की हा कोन १६ अंशांच्या आसपास येतो. रुंद पात्याची पाठ जाड का असते, याचं उत्तर यात आहे. घडवणाऱ्याने कोन वस्तऱ्याच्या अंगातच ठेवून दिलेला असतो.

पण एवढी पातळ धार टिकवायला तसं पोलाद हवं. ते १७४० च्या दशकात शेफील्डजवळ बेंजामिन हंट्समनने केलं. हा मूळचा घड्याळजी. त्याला स्प्रिंगसाठी एकसारखं पोलाद हवं होतं, म्हणून त्याने ते मुशीत वितळवलं. शेफील्डच्या कारागिरांनी हे कठीण पोलाद आधी नाकारलं. फ्रान्समध्ये ते खपू लागल्यावर मात्र त्यांना जाग आली.

मुशीतलं पोलाद आपल्या दख्खनला काही नवीन नव्हतं. दक्षिणेत ते शतकानुशतकं होत होतं. १७९४ मध्ये मुंबईतल्या डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी त्याचे नमुने लंडनला, रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवले. पुढे मायकेल फॅरडे यांनी जेम्स स्टोडार्ट या लंडनच्या हत्यारं करणाऱ्या कारागिराबरोबर या 'वूट्झ'चा अभ्यास केला आणि मिश्र पोलादांचे प्रयोग केले. १८२० मध्ये त्यांचा लेख छापून आला. या पोलादाचे वस्तरे करवून फॅरडे यांनी मित्रांना भेट दिले. विजेचा फॅरडे आपण शिकवला, वस्तऱ्याचा कधी शिकवला नाही!

आता त्या पोखरण्याविषयी. मोठ्या चाकावर घासलं की पातं जवळजवळ सपाट राहतं. चाक जितकं लहान, तितकी खोबण खोल. एकोणिसाव्या शतकात चाकं लहान होत गेली आणि पाती पातळ. शतकाच्या उत्तरार्धात जर्मनीतल्या झोलिंगेनने या कामात शेफील्डला मागे टाकलं.

ही चाकं वाळूच्या दगडाची. कारागीर लाकडी बैठकीवर घोड्यावर बसावं तसा बसे आणि चाकावर ओणवा होई. उडणारी दगडाची आणि पोलादाची भुकटी थेट नाकात जाई. पाणी सोडून घासलं तर ती कमी उडे, कोरडं घासलं तर सगळी आत. १८४५ मध्ये फ्रेडरिक एंगेल्सने इंग्लंडच्या कामगारांवर पुस्तक लिहिलं. त्यात शेफील्डच्या डॉक्टर नाइट यांचे आकडे आहेत. कोरडं काम करणारे, काटे घासणारे, २८ ते ३२ व्या वर्षी मरत. वस्तरे घासणाऱ्यांचं काम थोडं ओलं, थोडं कोरडं. ते ४० ते ४५ पर्यंत पोचत.

भुकटी ओढून नेणारी सोय निघाली होती, पण कामगारांनीच तिला विरोध केला. धंदा सुरक्षित झाला तर माणसं वाढतील आणि मजुरी उतरेल, ही त्यांची भीती. वर्गात हे सांगितलं असतं तर मुलं हसली असती. मला हसू आलं नाही. पोट आणि छाती यांत निवड करायची वेळ आली की माणूस पोट निवडतो. हे मी माझ्या गावच्या पाथरवटांतही पाहिलं आहे.

१९०३ मध्ये अमेरिकेत जिलेटचा नवा रेझर विक्रीला आला. पहिल्या वर्षी खपले ५१ रेझर आणि १६८ पाती. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सरकारने सैनिकांसाठी ३५ लाख रेझर घेतले आणि घडीचा वस्तरा घराघरांतून गेला. आपल्या सलूनमध्ये वस्तरा दिसतो, पण त्यात अर्धं मोडलेलं ब्लेड बसवतात. दाढी झाली की ते टाकून देतात. रोगाच्या दृष्टीने ते बरंच आहे.

शेफील्डला शेफर्ड व्हील आणि झोलिंगेनजवळ बाल्कहाउझर कोटेन ही पाणचक्कीवर चालणारी जुनी घासणघरं आज संग्रहालयं म्हणून पाहता येतात. भाच्याला मी सहा सुती, अर्धं पोखरलेलं पातं घे असं कळवलं आहे. जुनं मिळालं तर उत्तमच. फक्त घेताना पात्याच्या खोबणीवरून एकदा बोट फिरव, असंही लिहिलं. ती खोबण ज्याने घासली, त्याचं नाव पात्यावर नसतं. तिथे छाप असतो तो कारखान्याच्या मालकाचा.