जिऑमेट्री डॅश : आवृत्ती २.२

स्वीडनच्या रॉबर्ट टोपाला (खेळाडूंच्या बोलण्यात ‘रॉबटॉप’) याच्या ‘जिऑमेट्री डॅश’ या गेमची डिसेंबर २०२३ मध्ये आलेली आवृत्ती. मूळ गेम ऑगस्ट २०१३ चा. गेमसोबत मिळणाऱ्या एडिटरमध्ये कोणीही लेव्हल बांधून सर्वांसाठी अपलोड करू शकतो. मात्र बांधणाऱ्याला ती आधी स्वतः शेवटपर्यंत पार करून दाखवावी लागते. टोपालाच्या स्वतःच्या लेव्हल मोजक्याच आहेत. गेम दहा वर्षे ताजा राहिला तो या हौशी बांधणाऱ्यांमुळे, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही.

जुन्या पद्धतीत लेव्हलचे गाणे वाजत असताना चौकोनी ठोकळा आपोआप पुढे सरकतो. खेळाडूच्या हाती फक्त ‘टॅप’. त्यामुळे गाण्याचा अमुक सेकंद म्हणजे लेव्हलमधली अमुक जागा, हे गणित पक्के असे. ठेका जिथे पडतो तिथे काटा किंवा उडी ठेवायची, ही बांधणीची मूळ रीत. २.० (ऑगस्ट २०१५) मध्ये वस्तूंचे गट हलवणारे, दाखवणारे, लपवणारे ट्रिगर (लेव्हलमध्ये ठरावीक बदल घडवणारी साधने) आले. २.१ (जानेवारी २०१७) मध्ये मोजणी करणारे आणि दोन वस्तूंची टक्कर ओळखणारे ट्रिगर मिळाले. कॅमेरा मात्र हाती नव्हता. तो फिरल्याचा भास हवा असेल, तर बांधणारे सगळा देखावाच सरकवत. अशा खटपटींतच पुढची जवळजवळ सात वर्षे गेली.

२.२ ने कॅमेरा सरकवणे, फिरवणे, जवळ नेणे हे सरळ ट्रिगरवर आणले. शेडर (पडद्यावरच्या चित्राचे रूप बदलणारे परिणाम), कण उधळणारी साधने, आवाजांचे मोठे भांडार आणि ‘स्विंग’ हा नवा खेळप्रकारही दिला. पण खरा बदल प्लॅटफॉर्मर मोडने घडवला. त्यात खेळाडू डावी-उजवीकडे मनाप्रमाणे जातो, थांबतो, मागे फिरतो. टोपालाने ‘द टॉवर’मध्ये अशा चार लेव्हल नमुन्यादाखल दिल्या. इथे गाण्याची हुकमत संपली : खेळाडू कोणत्या क्षणी कुठे असेल, हे बांधणाऱ्याला ठाऊकच नसते. त्याला ठेक्याऐवजी ‘किल्ली मिळाली तर दार उघड’ अशा अटींचा विचार करावा लागतो. आकडे साठवणारे, त्यांची तुलना करणारे ट्रिगर एकमेकांना जोडणे हे जवळपास प्रोग्रॅमिंगच. कोडी, लढाया, भटकंतीचे छोटे गेम याच एडिटरमध्ये तयार होऊ लागले. त्यांतल्या बऱ्याच निर्मितींना ‘तालाचा गेम’ म्हणणे आता ओढूनताणूनच जमते.

मोजमापही बदलले. जुन्या प्रकारच्या लेव्हल पार केल्यावर तारे मिळतात, प्लॅटफॉर्मरसाठी चंद्र. जुन्या लेव्हलमध्ये किती टक्के अंतर गाठले हे पाहतात. प्लॅटफॉर्मरमध्ये वाटेत चेकपॉइंट ठेवता येतात आणि किती वेळात पार केली यावर चुरस चालते. सर्वांत अवघड लेव्हलच्या याद्या खेळाडू स्वतःच ठेवत आले आहेत. प्लॅटफॉर्मरसाठी त्यांना वेगळी यादी करावी लागली.