तीस हजार रुपये, एक कैदी आणि ‘चाचा’ हे लेबल

चाचे, जहाजं आणि तलवार उपसलेली धाडसी नायिका. अशा इंग्रजी कादंबऱ्या तुमच्यापैकी अनेकांनी वाचल्या असतील. त्यांच्या जवळ जाणारी एक खरी गोष्ट आपल्या शेजारी, अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात घडली. फक्त तिच्यात ‘चाचा’ कोण, हे ठरवणं सोपं नाही.

कॅथरीन कुक १७०९ मध्ये कुटुंबासोबत बंगालला निघाली होती. मोसम हुकल्यामुळे जहाज कारवारला थांबलं. तिथल्या इंग्रज वखारीचा प्रमुख जॉन हार्वे वयाने बराच मोठा. त्याच्याशी तिचं लग्न लावलं गेलं. ती तेव्हा तेरा-चौदा वर्षांची होती. (कादंबरीत हा भाग सहसा नसतो.) हार्वे लवकरच वारला. मग तिने थॉमस चाउनशी लग्न केलं. नोव्हेंबर १७१२ मध्ये दोघं मुंबईला येत असताना कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराने त्यांचं जहाज गाठलं. चाउन लढाईत मारला गेला, गरोदर कॅथरीन कुलाब्यात कैद झाली. ३०,००० रुपयांच्या खंडणीवर फेब्रुवारी १७१३ मध्ये कैदी सुटले.

आता रिसर्चचा मुद्दा. ही कथा आपल्याकडे मुख्यतः दोन पुस्तकांतून येते: क्लेमेंट डाउनिंग (१७३७) आणि जॉन बिडल्फ (१९०७). बिडल्फच्या पुस्तकाच्या नावातच ‘मलबारचे चाचे’ आहेत. डाउनिंग तर स्वतः आंग्र्यांविरुद्धच्या मोहिमेत होता. म्हणजे माप घेणारा माणूस भांडणातला एक पक्ष! सायन्सवाल्यांनो, असं इन्स्ट्रुमेंट तुम्ही कॅलिब्रेट न करता वापराल का?

दुसरीकडून बघा. कान्होजी हे मराठा आरमाराचे सरखेल. या किनाऱ्यावर जहाज न्यायचं तर त्यांचं दस्तक घ्यायचं, नाहीतर जप्ती. पोर्तुगीज कार्ताझच्या नावाने हेच करायचे आणि इंग्रजही आपले परवाने द्यायचे. कृती तीच, लेबल मात्र एकालाच. पण म्हणून किल्ल्यातल्या त्या विधवेची कैद कमी खरी ठरत नाही. कान्होजींना ‘चाचा’ न म्हणताही ती नोंदवता येते, आणि माझ्या मते नोंदवायलाच हवी.

कॅथरीनचं पुढचं आयुष्य तर अजूनच वेगवान. तिसरा नवरा विल्यम गिफर्ड १७२१ मध्ये केरळमध्ये अंजेंगोजवळच्या उठावात मारला गेला. ती बोटीने मद्रासला निसटली. कंपनीने गिफर्डच्या हिशोबांसाठी तिच्यामागे तगादा लावला, तेव्हा तिला आसरा दिला कमोडोर मॅथ्यूजने. त्याच मॅथ्यूजने १७२१ मध्ये कुलाब्यावर हल्ला केला होता आणि तो सपशेल फसला होता.

या विषयावर काम करायचं असेल तर कंपनीचा पत्रव्यवहार आणि आंग्रे दफ्तर शेजारी-शेजारी ठेवून वाचा. मोडी शिकावी लागेल, ती आत्ताच सुरू करा.