अपलोडचा वाटा कोणी ठरवला?

घरच्या ब्रॉडबँडमध्ये डाउनलोड भरघोस आणि अपलोड चिमूटभर, ही वाटणी लोणावळ्यात तुंगार्लीच्या एखाद्या बंगल्याला लावून पाहावी. सोमवार ते शुक्रवार तो कुलूपबंद असतो. त्या दिवसांत तिथलं इंटरनेट वापरतात ते सीसीटीव्ही कॅमेरे, आणि मालक मुंबईत बसून फोनवर फाटक पाहतो तेव्हा बंगल्याच्या बाजूने तो सगळा अपलोडच. एका कॅमेऱ्याला २ एमबीपीएस धरले तर चारांना ८ लागतात; टेलिफोनच्या तारेवरच्या एडीएसएलला अपलोड मिळे जेमतेम १. घर म्हणजे केवळ घेणारं, ही समजूत मग आली कुठून?

ती आली सिनेमाच्या धंद्यातून. १९८०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या बेलकोर या संशोधन संस्थेत जोसेफ लेचलायडर यांनी दाखवलं की, दोन्ही दिशांना सारखाच वेग देण्याचा हट्ट सोडला तर तांब्याची तीच तार एका दिशेला कितीतरी जास्त वाहून नेईल. टेलिफोन कंपन्यांना तेव्हा केबल टीव्हीशी टक्कर द्यायची होती, मागाल तो चित्रपट घरपोच करून. म्हणून एडीएसएलच्या सुरुवातीच्या आराखड्यात घराकडे १.५ एमबीपीएस, कारण तेवढ्यात एमपेग-१ पद्धतीचा चित्रपट मावे. आणि घराकडून १६ केबीपीएस, चित्रपट निवडण्या-थांबवण्यापुरते. १९९९च्या जागतिक मानकात वारंवारितेची वाटणी पक्की झाली: सुमारे २६ ते १३८ किलोहर्ट्झ अपलोडला, तिथून ११०४पर्यंतचा पट्टा डाउनलोडला. २००५मध्ये बीएसएनएलचं ब्रॉडबँड आलं तेव्हा फोनशेजारच्या स्प्लिटरच्या डबीने आवाज आणि डेटा वेगळा केला, पण डेटातली हद्द आधीच आखून आली होती.

यावर तंत्रज्ञ म्हणतील, यात सिनेमाचा काय दोष? तारांच्या शेकडो जोड्या एकाच जाड केबलमधून एक्स्चेंजमध्ये शिरतात, आणि लांबून क्षीण होत आलेला घरचा सिग्नल तिथे शेजारच्या जोडीवर नुकत्याच निघालेल्या ताज्या सिग्नलाखाली दबतो. हे खरंच आहे, आणि मावळातल्या विखुरलेल्या वाड्यांना तर तारेची लांबीच नडायची. पण या अडचणीने झुकतं माप कुणाला एवढंच ठरवलं; किती झुकतं, हे नाही. पुरावा त्याच तंत्रात आहे. एडीएसएल२+च्या ‘अ‍ॅनेक्स एम’ प्रकारात हद्द १३८वरून २७६ किलोहर्ट्झवर सरकवता येते. डाउनलोड थोडा घटतो, अपलोड ३ एमबीपीएसच्या घरात जातो. सलग सुट्ट्यांच्या गर्दीत बोरघाटात महामार्ग पोलीस मुंबईकडे जाणारी वाहनं रोखून त्यांच्या मार्गिका पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना देतात, तशीच ही अदलाबदल. घाटात मात्र ती गर्दी पाहून होते. तारेवर ग्राहकाला कुणी विचारलंच नाही.

बहुतेक घरं आजही घेतात जास्त आणि पाठवतात कमी, हा आक्षेप मला मान्य आहे. पण त्यावरून सगळ्यांचाच अपलोड आवळावा, असं निघत नाही. फायबरच्या काचेत शेजाऱ्याचा सिग्नल मिसळत नाही. जीपॉन या फायबर पद्धतीत २.४८८ गीगाबिट डाउनलोडला १.२४४ अपलोड आहे, म्हणजे निम्मा. एक्सजीएस-पॉन या पुढच्या पद्धतीत तर दोन्हीकडे १०. तरीही केंद्र सरकारच्या २००४च्या धोरणात ब्रॉडबँडची व्याख्या २५६ केबीपीएस डाउनलोडची होती, आणि जानेवारी २०२३मध्ये ती २ एमबीपीएस झाली तीही डाउनलोडचीच. अपलोडसाठी किमान आकडा त्यात घालायला आता तारेचं कारण पुढे करता येणार नाही.