सिंगापूरचे विलीनीकरण सार्वमत, १९६२

सिंगापूरने मलाया संघराज्यात कोणत्या अटींवर सामील व्हावे, यासाठी १ सप्टेंबर १९६२ रोजी झालेले सार्वमत. सिंगापूरच्या इतिहासातील हे आजवरचे एकमेव सार्वमत होय. मलायाचे पंतप्रधान तुंकू अब्दुल रहमान यांनी २७ मे १९६१ रोजी व्यापक संघराज्याची कल्पना मांडली आणि सिंगापूरचे पंतप्रधान ली क्वान यू यांच्या सरकारने ती उचलून धरली. मतपत्रिकेवर तीन पर्याय होते : शिक्षण व कामगार या विषयांत स्वायत्तता राखणारा ‘अ’, इतर घटक राज्यांप्रमाणे पूर्ण विलीनीकरणाचा ‘ब’ आणि बोर्निओतील प्रदेशांना मिळतील त्यांहून कमी नसलेल्या अटींचा ‘क’. ‘अ’ला ३,९७,६२६ म्हणजे सुमारे ७१ टक्के मते पडली, १,४४,०७७ मतपत्रिका कोऱ्या निघाल्या.

७१ टक्क्यांचा हा आकडा विलीनीकरणाला मिळालेली संमती म्हणून दिला जातो. पण विलीनीकरण नको, असे म्हणण्याची सोय मतपत्रिकेवर नव्हती. तिन्ही पर्याय विलीनीकरणाचेच होते. मतदान सक्तीचे असल्याने घरी बसून नकार देण्याचीही मुभा नव्हती. म्हणून ली स्यू चोह यांच्या बारिसान सोशालिस पक्षाने कोरी मतपत्रिका टाकण्याचे आवाहन केले. अशी मतपत्रिका म्हणजे निर्णय विधानसभेवर सोपवणे, असे मानण्याची कायद्यात तरतूद होती.

यावर असा आक्षेप घेतला जातो, की विलीनीकरण प्रमुख पक्षांना तत्त्वतः मान्यच होते, वाद फक्त अटींचा होता. शिवाय कोरे मत गोंधळातूनही पडू शकते. दोन्ही मुद्द्यांत तथ्य आहे. तथापि पक्षांची मान्यता ही मतदारांची मान्यता ठरत नाही आणि जाहीर आवाहनानंतर चौथा हिस्सा मतपत्रिका कोऱ्या येतात, तेव्हा त्यांत नकाराचा मोठा वाटा मानणेच सयुक्तिक ठरते. गोव्याच्या १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलाशी तुलना केल्यास फरक स्पष्ट होतो. तेथे महाराष्ट्रात विलीन होण्यासाठी ‘फूल’ आणि वेगळे राहण्यासाठी ‘दोन पाने’ अशी चिन्हे होती. १,३८,१७० विरुद्ध १,७२,१९१ मतांनी विलीनीकरण फेटाळले गेले. कौल निःपक्षपाती व्हावा म्हणून मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांनी आधी राजीनामा दिला होता. त्यामुळे विलीनीकरणवाद्यांनाही तो निकाल नाकारता आला नाही.

सिंगापूर १६ सप्टेंबर १९६३ रोजी या व्यापक संघराज्यात, म्हणजे मलेशियात, सामील झाले आणि ९ ऑगस्ट १९६५ रोजी, जनतेचा कौल न घेताच, वेगळे झाले. १९६२ चे मतदान अटींविषयीची पसंती दाखवते. विलीनीकरणाला जनतेची संमती होती, याचा पुरावा म्हणून ते वापरता येत नाही.